गाठ फोडून पाहा, मगच औषधाचा विचार करा



श्रावणात चार दिवसांची उघडीप मिळाली की आपण सगळेच शेतात एक फेरी मारतो. कपाशीच्या ओळीतून चालताना एखादे झाड खुरटलेले दिसते. शेजारची झाडे कंबरेला लागली, हे मात्र गुडघ्याखालीच. उपटून पाहावे तर जमिनीलगत खोडाला सुपारीएवढी गाठ. मन चरकते. घरी येऊन दुकानदाराला सांगितले की तो एक बाटली काढून देतो, आणि दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर चढतो.

येथेच थांबा. आजच्या पत्रिकेत एवढेच सांगायचे आहे, की गाठ दिसली तर पंपाआधी विळा हातात घ्यावा. गाठ उभी चिरावी आणि आत कोण बसले आहे ते पाहावे. गाठ बाहेरून सारखीच दिसते, पण आतला धनी वेगळा असतो. तो किडा असेल, डोळ्यांना न दिसणारा सूत्रकृमी असेल, आपल्याच फायद्याचा जिवाणू असेल, नाहीतर आत कोणीच नसेल. धनी ओळखल्याशिवाय औषध मारणे म्हणजे दुखते पोट आणि बांधायचे डोके, तसेच झाले.

गाठ म्हणजे काय?

गाठ ही किड्याने बांधलेली नसते, ती झाडाची स्वतःची असते. कुंभारीण माशी बाहेरून चिखल आणून घर बांधते, तसे येथे नाही. किडा झाडाच्या कोवळ्या भागात अंडे घालतो किंवा तोंडाने कुरतडतो. त्या जखमेने आणि किड्याच्या लाळेतल्या द्रव्यांनी झाड चाळवते. त्या जागी पेशी भराभर वाढू लागतात आणि मांस धरल्यासारखा फुगवटा येतो. घर झाडाचे, खर्च झाडाचा, आणि आत राहतो, खातो तो किडा! त्याला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, चिमणी टिपत नाही. आणि आपण वरून मारलेले औषधही त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गाठी तुम्हाला नव्या नाहीत. उंबर फोडले की आतून केंबरे उडतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. उंबर म्हणजे आत दडलेल्या फुलांची पिशवीच. बारीक माशी आत शिरते, काही फुलांत अंडी घालते, त्या फुलांच्या गाठी होतात आणि त्यांत तिची पिल्ले वाढतात. पण जाता-येता तीच माशी परागही वाहते, म्हणून उंबराला बी धरते. केंबरे नसती तर उंबराचे बीही नसते. करंजाच्या पानावर पुटकुळ्या येतात, त्या कोळीवर्गातल्या सूक्ष्म जीवाच्या. आंब्याच्या पानावर मोहरीएवढ्या गाठी दिसतात, त्या एका चिलटासारख्या माशीच्या.

आणि आयाबायांना तर आणखी जवळची ओळख आहे. बाळगुटीची पुरचुंडी उघडून पाहा. त्यातले मायफळ हे नावाला फळ. खरे तर ती परदेशातल्या ओक जातीच्या झाडावर एका बारीक माशीमुळे आलेली गाठ आहे. काकडशिंगीही शिंग नव्हे. हिमालयाकडच्या एका झाडावर मावा बसतो, त्यामुळे तशी पोकळ, वाकडी गाठ येते. म्हणजे ज्या माव्याला आपण कपाशीवर शिव्या देतो, त्याच्याच जातभाईने केलेली गाठ आपण बाळाला उगाळून देत आलो. सांगायचे कारण एवढेच, की गाठ दिसली म्हणजे लगेच संकट आले, असे धरून चालू नये.

खोडात गाठ करणारा सोंडा

आता ज्या गाठीने नुकसान होते तिच्याकडे वळू. साठवणीच्या ज्वारीत आणि तांदळात होणारे सोंडे तुम्ही ओळखता. तोंडापुढे हत्तीसारखी सोंड, अंगाने कडक, हात लावला की मेल्याचे सोंग घेऊन पडतो. या सोंड्यांचे कूळ फार मोठे आहे. आंब्याच्या कोयीत सापडणारा भुंगा त्याच कुळातला आणि केळीचा गड्डा व खोड पोखरणारे सोंडकिडेही त्याच कुळातले. थंड मुलखात विलो नावाच्या झाडावर गाठींत राहणारे सोंडे आहेत. विलो म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी होणाऱ्या वाळुंजाची भावकी.

याच कुळातला एक सोंडा कपाशीच्या खोडात गाठ करतो. त्याला खोडातला सोंडा किंवा खोड-भुंगा म्हणता येईल. दक्षिणेत, विशेषतः तामिळनाडूत, ही कपाशीची जुनी आणि मोठी कीड आहे. किडा अगदी लहान, तीन-चार मिलिमीटरचा, म्हणजे तिळापेक्षा थोडा मोठा. रंग काळपट तपकिरी, पाठीवर फिकट ठिपके. मातीच्या रंगात असा मिसळतो की शोधूनही सापडू नये.

त्याचे काम कसे चालते ते पाहा. कपाशी उगवून तीन-चार पाने झाली की मादी खोडाजवळ येते. जमिनीलगतच्या कोवळ्या खोडाला सोंडेने बारीक खळगा पाडते, त्यात एक अंडे ठेवते आणि पुढे जाते. आठ-दहा दिवसांत अंडे फुटते. पांढरट, बिनपायांची, वाकडी अळी बाहेर येते व साल आणि लाकूड यांच्या मधल्या कोवळ्या थरात शिरते. हाच थर झाडाचा जीव, कारण अन्नाची ये-जा याच्याच आधाराने चालते. अळी सरळ जात नाही, खोडाभोवती वळणे घेत पोखरत जाते. झाड जखम भरून काढायला धडपडते, त्या धडपडीत खोड फुगते आणि गाठ होते. पाच ते आठ आठवडे अळी आतच खाते, आतच कोष करते, आणि कोषाच्या दहा-बारा दिवसांनंतर भुंगा साल कुरतडून बाहेर पडतो. म्हणजे अंड्यापासून भुंग्यापर्यंत दोन-अडीच महिने, आणि त्यांतला बहुतेक काळ तो तुमच्या नजरेआड.

नुकसान दोन तऱ्हेचे. झाड महिन्याच्या आतले असेल तर अळी खोडाला पुरता वेढा घालते आणि रोप वाळते. आपल्याला वाटते मर लागली किंवा पाणी कमी पडले. झाड मोठे असेल तर मरत नाही, पण खुरटते, पाने पिवळट पडतात. आणि पुढे बोंडांनी लदले, त्यात वारा-पाऊस आला, की गाठीपाशीच मटकन मोडते. ऐन वेचणीच्या तोंडावर मोडलेले झाड म्हणजे खत, खुरपणी, फवारणी सगळे मातीत.

हा सोंडा केवळ कपाशीवर राहत नाही. कपाशीच्या भावकीतली भेंडी आणि अंबाडी त्याला चालतात. बांधावरची पेटारी, चिकणा ही तणेही त्याच कुळातली, तीही चालतात. आपला परभणी जिल्हा कपाशीचा आहे, आणि भेंडीची 'परभणी क्रांती' ही जात तर येथल्याच विद्यापीठाने दिलेली. म्हणून आपल्याकडे जमिनीलगत गाठ दिसली तर ती कशाची, हे ओळखता आलेच पाहिजे.

गाठ अशी तपासा

1. सुकलेली, खुरटलेली आणि निरोगी अशी तीन-चार झाडे शेताच्या वेगवेगळ्या भागांतून उपटा. ओढून तोडू नका. खुरप्याने माती सैल करून मुळासकट काढा.

2. मुळांची माती बादलीतल्या पाण्यात हलकेच धुवा. गाठ खोडाला आहे की मुळाला, हे आधी ठरवा. अर्धे निदान येथेच होते.

3. गाठ खोडाला असेल तर धारदार विळ्याने उभी चिरा. आत नागमोडी भोगदा, भुसा आणि तपकिरी डोक्याची पांढरी बिनपायांची अळी दिसली तर सोंडा समजा. भोगदा आहे पण अळी नाही, आणि सालीला गोल भोक आहे, म्हणजे भुंगा निघून गेला.

4. चिरल्यावर आत भरीव, स्वच्छ लाकूड दिसले आणि भोगदा नसला, तर किडा नाही. आठवून पाहा, कोळप्याचे पाते लागले होते का? जखम भरताना तेथे गुठळी येते. तसेच शेजारच्या ज्वारी-उसात २,४-डी हे तणनाशक फवारले असेल आणि वारा तुमच्याकडे असेल, तर कपाशीला ते फार लवकर बाधते. पाने अरुंद होऊन आवळल्यासारखी होतात. अशा वेळी कीटकनाशक मारून काही होत नाही.

5. गाठ मुळाला असेल तर नखाने ओढून पाहा. सहज सुटून हातात आली की एक प्रकार, मुळाचाच भाग फुगला आहे आणि सुटत नाही, तो दुसरा प्रकार. हे दोन्ही आता पाहू.

मुळावरची गाठ: एक मित्र, एक शत्रू

सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्या मुळांवर गाठी असतात, त्या मित्राच्या. त्यांत रायझोबियम कुळातले जिवाणू राहतात. हवेतला नत्र धरून ते पिकाला देतात आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतात. हा भाऊबंदकीचा नव्हे, सलोख्याचा संसार आहे. ही गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते आणि नखाने सुटते. फोडल्यावर आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसला तर कारखाना चालू आहे असे समजा. आत पांढरी किंवा हिरवट दिसली तर गाठ कामाची नाही. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी एक रोप उपटून हे पाहण्याची सवय ठेवा.

सोयाबीनच्या मुळाला 'रोग' लागला म्हणून घाबरणारे लोक अजून भेटतात. कोणी सांगितले म्हणून मुळाशी औषध ओततात. पैसे देऊन स्वतःचाच खत-कारखाना बंद पाडण्याचा हा प्रकार. तसे करू नका. उलट पेरणीवेळी बियाण्याला जिवाणू संवर्धन चोळा. दहा किलो बियाण्याला पाव किलोचे एक पाकीट पुरते. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर आणि जिवाणू खत सर्वांत शेवटी. बियाणे सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. सगळ्या पिकांचा जिवाणू एकच नसतो, म्हणून सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला वापरू नका.

शत्रूची गाठ ती सूत्रकृमीची. भेंडी, वांगी, टोमॅटो, काकडीवर्गीय वेल, डाळिंब, पेरू, केळी यांच्या मुळांवर ती येते. सूत्रकृमी हा दोऱ्यासारखा, डोळ्यांना न दिसणारा जीव. तो मुळाच्या टोकातून आत शिरतो आणि एका जागी बसून रस घेतो. त्याच्याभोवतीच्या पेशी राक्षसासारख्या फुगतात, मूळच जाड होते. जपमाळेसारख्या गाठी ओळीने दिसतात आणि नखाने सुटत नाहीत. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि उष्ण हवेत महिन्याभरात एक पिढी पुरी होते. वरून खूण अशी, की शेतात तुकड्या-तुकड्याने झाडे पिवळी आणि खुजी दिसतात. दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. आपण पाणी वाढवतो, युरिया वाढवतो, आणि आतला पाहुणा आणखी गुबगुबीत होतो.

सूत्रकृमीवर वरून फवारणी करून काहीच होत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्या. भेंडीमागे वांगी, वांग्यामागे टोमॅटो असे करू नका, मध्ये ज्वारीसारखे तृणधान्य घ्या. झेंडूची मुळे सूत्रकृमीला मानवत नाहीत, म्हणून भाजीपाल्यात झेंडूच्या ओळी लावा किंवा एक हंगाम झेंडूच घ्या. दसरा-दिवाळीला फुलांचा पैसाही होतो. रोप तयार करण्याच्या वाफ्यात निंबोळी पेंड मिसळा. आणि सर्वांत महत्त्वाचे, रोपवाटिकेतून डाळिंब, पेरूची रोपे आणाल तर एक पिशवी फाडून मुळे पाहिल्याशिवाय घेऊ नका. एकदा शेतात आलेला सूत्रकृमी पुन्हा घालवणे फार अवघड आहे.

चक्रभुंग्याशी गल्लत नको

सोयाबीनच्या खोडावर दोन चकत्या दिसतात आणि वरचा शेंडा सुकतो. ते काम चक्रभुंग्याचे. मादी खोडाला किंवा पानाच्या देठाला दोन आडव्या खाचा पाडते आणि त्यांच्या मध्ये अंडे घालते. येथे गाठ नसते, अळी आतून पोखरत खाली जाते. सुरुवातीलाच सुकलेला भाग खालच्या चकतीच्या खालून तोडून नष्ट केला तर अळी त्याच्याबरोबर जाते. ज्यांच्या घरी लहान मुले शेतात येतात, त्यांनी हे काम त्यांना खेळासारखे शिकवावे.

सोंडा निघाला तर काय करावे?

समजा, गाठ चिरली आणि आत सोंड्याची अळी निघाली. आता उपाय पाहू. आधी सांगितलेली गोष्ट आठवा. अळी आत आहे, औषध बाहेर आहे. गाठ दिसल्यावर केलेली फवारणी बहुतेक वाया जाते. म्हणून या किडीवरचे खरे उपाय गाठ होण्याच्या आधीचे आणि पीक निघाल्यानंतरचे आहेत.

पहिला उपाय मातीची भर. पेरणीनंतर साधारण पंचवीस दिवसांनी कपाशीच्या बुडाला माती चढवा. कोळप्याला दोरी गुंडाळून ओळींमधून चालवले की सरी पडते आणि माती दोन्ही बाजूंच्या झाडांना लागते. सोंड्याची अंडी घालायची जागा मातीखाली झाकली जाते. पोखरलेल्या झाडालाही भरीच्या मातीत वरून नवी मुळे फुटतात आणि आधार मिळतो, म्हणून ते वाऱ्यात सहज मोडत नाही. शिवाय तण दबते आणि सरीत पाणी मुरते. एका कामात चार कामे होतात, आणि काळ्या जमिनीत याचा खर्च बैलजोडीच्या अर्ध्या दिवसाचा.

दुसरा उपाय निंबोळी पेंड. शेवटच्या वखरणीवेळी एकरी दोनशे किलोपर्यंत पेंड जमिनीत मिसळावी. विकत घेणे परवडत नसेल तर उन्हाळ्यात बांधावरच्या निंबोळ्या गोळा करा. गावात एकाने सुरुवात केली की दुसरे करतातच.

तिसरा उपाय विरळणी. विरळणीच्या वेळी सुकलेली, बुडाला फुगलेली रोपे आधी काढा. काढून बांधावर टाकू नका, अळी वाळलेल्या खोडातही कोष करून बाहेर पडते. गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. म्हणूनच बी टोबताना एखाद-दुसरे जास्तीचे टोबावे, म्हणजे काढायला मन धजते.

चौथा उपाय पऱ्हाटी उपटणे. हा सर्वांत मोठा उपाय आहे आणि एकट्याचा नाही, गावाचा आहे. या सोंड्याने जुन्या मद्रास इलाख्यात कंबोडिया जातीच्या कपाशीचे फार नुकसान केले. तेथे १९१९ साली पीक-किडींचा कायदा झाला आणि त्याखाली ठरलेल्या मुदतीत कपाशी उपटून टाकण्याचे हुकूम निघू लागले. शंभर वर्षांपूर्वी आजच्यासारखी औषधे नव्हती, पण कीड कशाने जगते हे त्या लोकांना कळले होते. शेतात वर्षभर कपाशी उभी राहिली तर किडीलाही वर्षभर घर आणि जेवण मिळते.

आपल्याला हा धडा दुसऱ्या किडीने दिला. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात शेंदरी बोंडअळीने कपाशीची काय दशा केली, हे विसरण्यासारखे नाही. फरदड ठेवू नका, असे तेव्हापासून घसा कोरडा करून सांगितले जाते, ते याच कारणाने. एक-दोन क्विंटल जास्तीच्या कापसासाठी फरदड ठेवायची आणि पुढच्या वर्षीची कीड आपल्याच शेतात पाळायची, हा सौदा मानवतच्या किंवा सेलूच्या बाजारात कोणी पटवून घेणार नाही. वेचणी संपली की पऱ्हाटी मुळासकट उपटा. रचून ठेवण्यापेक्षा तुकडे करून खत करा. जळणासाठी ठेवायचीच असेल तर पावसाळ्याआधी संपवा. बांधावरची पेटारी, चिकणा आणि जुनी भेंडी तीही काढा.

औषधाबद्दल दोन शब्द

जुन्या लोकांना आठवत असेल, खोडकिडीला फोरेटचे दाणे बुडाशी टाकायची चाल होती. कोणाच्या घरी जुने पुस्तक किंवा वही असेल, त्यात आजही तो सल्ला लिहिलेला सापडेल. पण फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. त्याची विक्रीही करता येत नाही आणि वापरही. जुना डबा कोठीत पडला असेल तर तो वापरू नका, मुलाबाळांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

औषध घ्यायचेच झाले तर डब्यावरच्या चिठ्ठीत पिकाचे आणि किडीचे नाव छापलेले आहे का, ते पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. दोन-तीन औषधे एकत्र करून 'कडक' मिश्रण करू नका. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती माणसे आपल्यासारखीच सकाळी भाकरी बांधून शेतात गेली होती. प्रत्येक टाळलेली फवारणी म्हणजे वाचलेला पैसा, आणि त्याहून मोठे म्हणजे एक टळलेला धोका. गाठ चिरून पाहायला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत फवारणीचा एक हात वाचू शकतो.

तुमचे प्रश्न

*गाठ आलेले झाड ठेवावे की काढावे?*
झाड लहान असेल आणि दाटी असेल तर काढा. झाड मोठे असेल, पात्या-बोंडे लागली असतील, तर बुडाला भर देऊन ठेवा. वेचणी झाल्यावर ते सर्वांत आधी उपटा.

*कपाशीच्या मुळावर हरभऱ्यासारख्या गाठी का दिसत नाहीत?*
ते जिवाणू शेंगवर्गीय पिकांचे सोबती आहेत, कपाशीचे नाहीत. म्हणून तर कपाशीत तुरीची किंवा मुगाची ओळ घेतली तर जमिनीचे भले होते. कपाशीच्या मुळावर न सुटणाऱ्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमीचा संशय घ्या.

*गाठीत अळी निघाली, पण कोणती ते कळत नाही. काय करावे?*
अळी फेकू नका. गाठ आणि मुळांसकट झाड वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत न कोंडता, सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभागाकडे न्या. १९७२ साली सुरू झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाणारे हे विद्यापीठ तुमच्याच जिल्ह्यात आहे. बाजाराला गेलात की वाट वाकडी करून जा. सोबत गावाचे नाव, पेरणीची तारीख आणि किती झाडांना गाठ आहे, हे लिहून न्या. अनोळखी कीड लवकर कळली तर ती एका शेतात आवरता येते. उशिरा कळली तर साऱ्या शिवाराचे काम होते.

*करंजाच्या आणि आंब्याच्या पानावरच्या गाठींना काय मारावे?*
करंजाच्या गाठींना काहीही मारू नये. झाडाला त्याचे काही वाटत नाही. आंब्याची रोपे लहान असतील आणि बहुतेक पाने गाठींनी भरली असतील, तर ती पाने तोडून जाळा. मोठ्या झाडाची काळजी करू नका.

एवढे ध्यानात ठेवा

- गाठ दिसली की आधी चिरून पाहा. खोडाची की मुळाची, हे ठरवा.
- सोयाबीन-तुरीच्या मुळावरची, नखाने सुटणारी, आतून गुलाबी गाठ म्हणजे मित्र. तिला हात लावू नका.
- भाजीपाला आणि फळझाडांच्या मुळावरची न सुटणारी गाठ म्हणजे सूत्रकृमी. फेरपालट, झेंडू, निंबोळी पेंड.
- खोडाच्या गाठीत भोगदा आणि अळी म्हणजे सोंडा. भर द्या, रोपे काढून जाळा, पऱ्हाटी उपटा.
- चिरलेली गाठ भरीव निघाली तर कीटकनाशक नको.
- फरदड नको. बंदी असलेले औषध नको. मिश्रण नको.

ही पत्रिका वाचून झाली की घडी करून खिशात ठेवू नका. ज्याला वाचता येत नाही अशा शेजाऱ्याला पारावर बसून वाचून दाखवा. आणि उद्या शेतात जाल तेव्हा खुरटलेले एक झाड उपटून, त्याच्यासमोर गाठ चिरा. आत काय निघाले ते आम्हाला पत्राने कळवा.

पुन्हा भेटू रेडिओवर, नेहमीच्या वेळेला. राम राम.